करडी माती

८ जानेवारी

टेबलासमोरच्या भिंतीवर सहा वर्षांपूर्वी चिकटवलेला कागद आहे. 'ज्यांचं काम घेतो त्यांच्याबद्दल लिहायचं नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांचं काम घ्यायचं नाही.' सोमवार ते गुरुवार मी मार्केटिंगचा सल्लागार, शुक्रवारी वर्तमानपत्रात ऊर्जा-पर्यावरणाचं सदर लिहिणारा. या दोघांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत म्हणून तो कागद. आज त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो.

सकाळी वीज केंद्राच्या जनसंपर्क अधिकारी बाई ऑफिसात आल्या होत्या. कोळसा जाळून उरलेली राख केंद्रामागच्या तळ्यात सोडतात. तळं आता काठोकाठ भरलंय. ती राख लोकांनी खड्डे बुजवायला, सखल जमिनी उचलायला न्यावी अशी मोहीम त्यांना हवी आहे. याच तळ्यावर गेल्या वर्षी मी तीन लेख लिहिले होते. ते मी आधीच सांगून टाकलं.

बाई हसल्या. "तिन्ही वाचलेत सर. पाठ आहेत म्हणा ना. म्हणून तर तुमच्याकडे आलो. आम्हाला हो ला हो करणारे नकोत."

त्या गेल्यावर भिडू (माझा धंद्यातला भागीदार, वीस वर्षं झाली, आता खरं नाव चेकवरच दिसतं) म्हणाला, "अरे, राख वापरली गेली तर तळं रिकामं होईल. तुझ्याच लेखात होतं ना, तळं रिकामं करा म्हणून? मग कर."

मुद्दा बिनतोड आहे. शिवाय शेवटच्या लेखाला अकरा महिने झाले.

१३ जानेवारी

करार झाला. त्यात एक कलम मी स्वतःहून घातलं: काम चालू असेपर्यंत आणि पुढे एक वर्ष मी ही कंपनी, हे केंद्र आणि राख यांवर कुठेही लिहिणार नाही, बोलणार नाही. बाजूने नाही, विरुद्धही नाही. बाईंनी ते मागितलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत हो."

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१६ जानेवारी

शुक्रवार. या वेळचा लेख छताच्या पंख्यांना किती वीज लागते यावर. संपादकांचा फोन: "तळ्याचं काय झालं? वाचक विचारतायत." मी म्हटलं, तो विषय माझ्यापुरता बंद. कारण सांगितलं. ते म्हणाले, "दुसरं कोणी त्यावर लिहीत नाही, एवढंच लक्षात ठेवा." मी म्हटलं, म्हणून काय मी दोन्ही दगडांवर पाय ठेवू?

संध्याकाळी ताईने नेहमीसारखा लेखाचा फोटो पाठवला, लाल पेनाने तपासलेला. ती केंद्राच्या पलीकडच्या वस्तीतल्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. दर शुक्रवारी माझा लेख तपासून दहापैकी मार्क देते. सातच्या वर कधी गेली नाही. पण तिचा एक नियम आहे: चूक दाखवल्याशिवाय मार्क कापायचा नाही. आज 'वीजेचा'मधल्या 'वी'खाली रेघ, 'विजेचा' असं पाहिजे म्हणून अर्धा. आणि खाली एक ओळ: 'पंख्यांबद्दल तुला खरंच एवढं वाटतं का? - ५'.

२१ जानेवारी

आज शब्द सापडला.

आठवडाभर आम्ही 'राख' या शब्दाशी झुंजत होतो. राख म्हटली की स्मशान आणि चूल, तिसरं काही डोळ्यांपुढे येत नाही. भिडूने 'राखाडी भराव' सुचवलं. मी म्हटलं, राखाडीत राख तशीच बसलीये, नुसता अंगरखा घातलाय. मग दाढी करताना सुचलं. करडी. करडी माती. रंग तोच, पण राखेचा मागमूस नाही. माती म्हटलं की माणूस पाय ठेवायला घाबरत नाही.

भिडू म्हणाला, "करडी नजर असते तशी करडी माती?"

"ती ताईची. ही नुसती माती."

लहानपणी घरात एक मोडकी खुर्ची होती. एक पाय आखूड. मी तिला 'झुलती खुर्ची' असं नाव दिलं आणि पाहुण्यांपुढे ठेवली. एक काका बसले आणि थेट जमिनीवर. बाबांनी विचारलं, कोणी ठेवली? ताई पुढे झाली, म्हणाली, मी. तिने मार खाल्ला. नंतर मागच्या अंगणात मला म्हणाली, "नाव मात्र फक्कड होतं रे."

बाईंना शब्द फोनवर सांगितला. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला आणि म्हणाल्या, "सर, हाच."

कागदपत्रांत खाली बारीक अक्षरांत 'औष्णिक केंद्रातील राख' असं लिहायचंच, हा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

४ फेब्रुवारी

दुसरी अडचण. फुकट देतो म्हटलं की लोकांना संशय येतो. मी सुचवलं, आपण देऊ नये, लोकांनी मागावी. एक छापील मागणीपत्र. 'आमच्या जागेसाठी करडी माती मिळावी, ही विनंती.' खाली सही, शिक्का. मागितलेल्या गोष्टीला माणूस नावं ठेवत नाही. आणि मिळायला थोडा उशीर झाला पाहिजे, म्हणजे किंमत वाढते.

बाईंनी लगेच वकिलांना दाखवलं. वकिलांना तर फारच आवडलं म्हणे. त्यांना मार्केटिंगमधलं एवढं कळतं याचं मला नवल वाटलं.

१९ फेब्रुवारी

हा दिवस नीट लिहून ठेवतो, कारण मी बरोबर वागलो की नाही हे नंतर तपासता यावं.

दुपारी ताईचा फोन. शाळेचं मैदान म्हणजे बशी आहे, पाणी साचतं, वर्षातले चार महिने मुलांना खेळता येत नाही. मुलींचा फुटबॉलचा संघ आहे, तो वर्गात बाकं सरकवून सराव करतो. हे सगळं मला माहीत आहे, ती दर वर्षी सांगते. पुढे म्हणाली:

"अरे, ती करडी माती म्हणून काय आलंय? मैदान भरून देतायत. एक अर्ज करायचा फक्त. करू का?"

मी म्हटलं, "ताई, मी यावर काही बोलू शकत नाही."

"का?"

"कामाचा भाग आहे. मी बांधलेला आहे."

"म्हणजे वाईट आहे का?"

"मी वाईट म्हणालो नाही."

"मग चांगली आहे?"

"तेही म्हणालो नाही."

"अरे, तोंडात काय गुळणी धरलीये का? एवढं विजेचं, धुराचं लिहितोस. बहिणीला हो की नाही एवढं सांगता येत नाही?"

"नाही येत, ताई. खरंच नाही. मग माझ्या शब्दाला काय अर्थ उरला?"

मग तिचा तो समजूतदार आवाज: "बरं बाबा. नको बोलूस. पण काही वाईट असतं ना, तर तू गप्प बसला नसतास. एवढं मी ओळखते तुला." आणि फोन ठेवला.

मी बाजूने एक शब्द बोललो नाही. विरुद्धही नाही. नियम दोन्ही बाजूंनी पाळला.

तरी रात्रीचं जेवण गेलं नाही. बायकोने कारण विचारलं, मी सांगितलं. ती रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, नेमकं विचारते. "त्या राखेत काय काय असतं, ते तुझ्याच लेखात होतं ना? दुसऱ्या की तिसऱ्या?"

"दुसऱ्या."

"मग ताईंना म्हणायचं, दुसरा लेख काढून वाचा."

ते मला सुचलंच नव्हतं. पण विचार करता तेही एका परीने बोलणंच झालं असतं.

८ मार्च

मोहीम जोरात आहे. एकशे चाळीस मागणीपत्रं आली. बाईंनी मैदानाचे फोटो पाठवले, त्यात ताईची शाळाही आहे. सपाट, करडं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. वर तांबड्या मातीचा थर द्यायचा होता, तो चार बोटांचा असावा असं मी पत्रकात लिहिलं होतं. फोटोत तो अंगुळभर दिसतो. बाईंना लिहून विचारलं. 'थर टप्प्याटप्प्याने देण्यात येईल' असं उत्तर आलं. दफ्तरी लावलं.

ताईनेही एक फोटो पाठवला. बारा मुली, गुडघ्यांवर करडे डाग, मधोमध गोलकीपर. हातमोजे तिच्या हातांच्या दुप्पट. ताईने खाली लिहिलंय: 'वर्गातली बाकं सुटली.'

या शुक्रवारचा लेख पाणी तापवण्याच्या बंबावर होता. ४.

२७ मार्च

तीन दिवस कोरडा वारा. लेख पाठवला. ताईकडून फोटो नाही, मार्क नाहीत. असं सहा वर्षांत पहिल्यांदा झालं. कामात असेल.

२९ मार्च

ताईचा फोन. मध्ये मध्ये खोकत होती. शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी वावटळ उठली, समोरचा झेंड्याचा खांब दिसेना. मुलं डोळे चोळत वर्गात पळाली. गोलकीपर मुलीला आधीपासूनच दमा होता. तिला हॉस्पिटलात नेलंय. आणखी दोघांना नेऊन परत पाठवलं.

"आता तरी सांग," ती म्हणाली. "काय आहे ते?"

मी म्हटलं, "पत्रकाच्या मागच्या बाजूला खाली लिहिलंय, ताई."

तिने बहुधा तिथेच कागद उलटा केला. कागदाचा आवाज आला. मग, "चष्मा लावूनही वाचता येत नाही रे हे," एवढंच.

३ एप्रिल

शाळेत गेलो. सल्लागार म्हणून नाही, भाऊ म्हणून. म्हणून ऑफिसची गाडी नेली नाही.

खिडक्यांना ओली पोती लावली आहेत. फळ्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. मैदानावर कोणी नाही, गोलपोस्टच्या पायाशी जाळी फाटून पडलेली. तांबडा थर उडून गेलाय, खाली पिठासारखं बारीक, पाऊल टाकलं की बुटाच्या भोवती धूर उठतो. एवढ्या वर्षांत मी त्या तळ्याचे फोटो खूप पाहिले, नकाशे पाहिले, अहवाल वाचले. हातात घेतली नव्हती कधी. आज घेतली. वजनच नाही.

शाळेचा शिपाई पाईपने पाणी मारत होता. ताईने ओळख करून दिली, "हा माझा भाऊ. पेपरात लिहितो." तो म्हणाला, "मग यावर लिहा की साहेब. पंख्यांचं राहू द्या आता."

ताई हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. मी पाणी आणून दिलं. ती मला काही बोलली नाही. नेहमीसारखं, किती वाळलास, असं म्हणाली.

हॉस्पिटलात मुलीच्या आईला भेटलो. मी कोण, हे सांगावं की नाही याचा विचार करेपर्यंत तिनेच ताईला विचारलं, "बाई, तुम्हीच मागवली होती ना ती माती?" आवाजात राग नव्हता. मास्कच्या आत मुलीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पलंगाच्या गजाला ते मोठे हातमोजे अडकवलेले.

ताई म्हणाली, "हो. मीच."

८ एप्रिल

शिक्षण खात्याने चौकशी समिती नेमली. कंपनीचं निवेदन आज सगळ्या पेपरांत आहे. 'सदर करडी माती मुख्याध्यापिकांच्या लेखी विनंतीवरून पुरवण्यात आली.' सोबत मागणीपत्राचा फोटो. सही, शिक्का. ताईचं अक्षर मी हजारांत ओळखेन, 'श्र' काढायची तिची एक पद्धत आहे.

वकिलांना ते मागणीपत्र का आवडलं होतं, ते आज कळलं.

बाईंना फोन केला. त्या नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाल्या, "सर, कल्पना तुमचीच होती. आणि कलमही." मी म्हटलं, ती माझी बहीण आहे. त्या म्हणाल्या, "हो, माहीत आहे ना. तिसऱ्या लेखात तुम्ही तिच्या शाळेचं लिहिलं होतंत."

फोन ठेवल्यावर तिसरा लेख काढून पाहिला. लिहिलं होतं. 'माझी बहीण ज्या शाळेत शिकवते तिच्या खिडकीतून हे तळं दिसतं.' ताईने त्या वाक्याला अर्धा मार्क जास्त दिला होता.

१० एप्रिल

लेख लिहिला. सगळा. शब्द कोणी काढला, मागणीपत्र कोणी सुचवलं, फोनवर कोण गप्प बसलं. सकाळी संपादकांकडे स्वतः घेऊन गेलो.

त्यांनी दोनदा वाचला. "हे मी छापू शकत नाही. तुम्ही त्यांचे सल्लागार, मुख्याध्यापिकेचे भाऊ. उद्या ते करार दाखवतील आणि म्हणतील, पैसे घेऊन शब्द दिला आणि नात्यासाठी मोडला. बहिणीचंच नुकसान होईल." मग चष्मा काढून म्हणाले, "जानेवारीत लिहिला असतात तर पहिल्या पानावर घेतला असता."

घरी येताना लेख पुन्हा वाचला. एके ठिकाणी मीच 'मैदानावरची माती' असं लिहिलंय. लेख राखेवर, लिहिणारा मी, आणि हाताने आपोआप माती लिहिलं. खोडलं. पुढच्या पानावर पुन्हा तेच होतं.

१२ एप्रिल

बायको म्हणते, लेख राहू दे, समितीपुढे जा. बुधवारी ताईची साक्ष आहे, तिच्या आधी उभा राहा. "दोन वाक्यं सांगायचीत. तिने मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

मी कलमाचं म्हटलं.

ती म्हणाली, "तुझं ते कलम आणि तो भिंतीवरचा कागद. दार लावून घ्यायला बरे पडतात. बाहेर कोण उभं आहे ते बघावं लागत नाही."

कागदाकडे पाहिलं. डिंक सुटून एक कोपरा वर आला आहे. निवेदन लिहायला घेतलं. मुद्दे सात होतात. क्रम महत्त्वाचा आहे, चुकीचा क्रम लागला तर मी अंग काढून घेतोय असं दिसेल. भिडूने बाहेरूनच डोकावून विचारलं, "कंपनीचं काम सोडणार का आपण?" मी म्हटलं, सगळं नीट लिहून झालं की ठरवू.

१३ एप्रिल

निवेदन अपुरं. तिसरा मुद्दा पुन्हा लिहायला हवा. तो अजून कुणाच्या तरी बाजूने झुकतोय.

१५ एप्रिल

समितीची वेळ अकराची. मी सव्वाबाराला पोचलो. शेवटची प्रत काढायची होती.

ताई बाहेर बाकावर बसली होती. झालं म्हणाली. मी फाईल पुढे केली. तिने घेतली नाही, माझ्याच हातात वाचली. पहिलं पान, मग दुसरं. शिक्षिकेची सवय, वाचताना बोट खाली फिरत होतं.

"उशीर झाला रे," ती म्हणाली. "मला विचारलं त्यांनी. अर्ज करण्यापूर्वी कोणा जाणकाराचा सल्ला घेतला होता का? मी म्हटलं, नाही. कोणालाही विचारलं नाही. सही केली खाली."

"पण तू विचारलं होतंस."

"हो. पण उत्तर मिळालं नव्हतं ना. मग सल्ला कसला?"

ती हे चेष्टेने बोलली की कसं, मला कळलं नाही. रिक्षात बसताना तिने माझ्या कॉलरवरची करडी धूळ झटकली. ती धूळ आधी कॉलर सारखी करताना तिच्याच हाताची लागली होती.

१६ एप्रिल

खूप विचार केला. आता मी समितीपुढे गेलो तर ताईची सही केलेली साक्ष खोटी ठरते. तिच्यावर आणखी एक ठपका येईल. म्हणजे गप्प बसणं हेच आता तिच्या हिताचं आहे. बायकोला हे सांगितलं. ती उठून भांडी घासायला गेली. खरं तर भांडी घासलेली होती.

निवेदन खणात ठेवलं. सातही मुद्दे आता चांगले जमले आहेत.

२४ एप्रिल

शुक्रवार. सदर तात्पुरतं थांबवल्याचं संपादकांनी कळवलं. कंपनीचं काम आम्ही सोडलं, म्हणजे मुदत संपली आणि त्यांनी वाढवली नाही. 'करडी माती' मात्र ते वापरत राहणार, शब्द त्यांच्या मालकीचा आहे.

निकाल आला. ताईने परवानगीशिवाय अनोळखी पदार्थ शाळेत घेतला. मुख्याध्यापकपद काढलं. तिने नोकरीचाच राजीनामा दिला. गोलकीपर मुलगी घरी आली आहे. सोबत ऑक्सिजनचं यंत्र आहे, ते विजेवर चालतं. वस्तीत दिवसातून दोनदा वीज जाते. वीज केंद्राची धुराडी त्यांच्या खिडकीतून दिसतात.

ताईला फोन केला. खोकल्यामुळे फार बोलता येत नाही म्हणाली. सावकाश बरी होईन म्हणाली.

३० एप्रिल

ताईचं पाकीट आलं. आत पत्र नाही. फक्त मोहिमेचं पत्रक, घडी घातलेलं. लाल पेनाने तपासलेलं.

मागचा बारीक अक्षरांतला मजकूर तिने सोडून दिला आहे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांतल्या 'करडी माती'खाली एकच रेघ, पट्टी लावून ओढावी तशी सरळ. समासात तिच्या अक्षरात: 'नाव फक्कड आहे रे. ९.'

तिला मी कधी सांगितलं नव्हतं की शब्द माझा आहे. तिला तो लेख मी दाखवला नाही, निवेदनातही शब्दाचा मुद्दा सहावा होता, ती दुसऱ्या पानावरच थांबली होती.

नऊ मला तिने आयुष्यात दिले नाहीत. पण चूक दाखवल्याशिवाय ती मार्क कापत नाही, आणि या कागदावर त्या एका रेघेशिवाय कुठेही खूण नाही. सकाळपासून शोधतोय. उजेडात धरून पाहिलं. शुद्धलेखनाचा कोशही काढला. 'करडी'तली डी दीर्घ. 'माती'तली ती दीर्घ.

दोन्ही शब्द बरोबर आहेत.